चिरलेलं हार्डवूड बाहेरून आणताय? एचएस कोड ठरवायची माझी पद्धत, टप्प्याटप्प्याने

आमची वखार पुण्यात, टिंबर मार्केटला. बाबांच्या काळात माल एकतर वनखात्याच्या लिलावातून यायचा नाहीतर गांधीधामच्या मोठ्या आयातदारांकडून. ट्रक आला, हमाल लावले, माल उतरवला, विषय संपला. कस्टमचा एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा, त्यावरून शुल्क ठरतं) वगैरे कधी बघायची वेळच आली नाही. २०२३ मध्ये मला खुमखुमी आली की मधला माणूस कशाला, आपणच एक २० फुटी कंटेनर मागवू. घानाचा लागवडीचा साग, भाव बरा वाटला, ॲडव्हान्स पाठवला.

सप्लायरने इनव्हॉइसवर लिहिलं "टीक रफ स्क्वेअर" आणि कोड टाकला ४४०३, म्हणजे ओबडधोबड लाकडाचा. मी तोच कोड सीएचएला (कस्टमचं काम करणाऱ्या ब्रोकरला) दिला, त्यानेही तोच भरला. न्हावाशेवा बंदराला सीएफएसमध्ये (कंटेनर ठेवतात आणि तपासतात त्या गोदामात) कंटेनर उघडला आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच ठोकळ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात रफ काय आहे?" चारही बाजू सरळ, कडा काटकोनात, सगळे ठोकळे एका मापाचे. मी तिथूनच आमच्या मिस्त्रींना फोटो पाठवला, त्यांचा अर्ध्या मिनिटात फोन आला, "अरे हे बँडसॉचं पातं आहे, आडव्या बारीक रेघा बघ ना एकसारख्या. कुऱ्हाडीचं लाकूड असं दिसतं का?" म्हणजे जे मिस्त्रींना फोटोत दिसलं ते मला तीन महिने ईमेल करताना विचारायचं सुचलं नाही. कोड ४४०७, म्हणजे चिरलेल्या लाकडाचा झाला, ड्युटीचा फरक भरला, वर व्याज आणि सीएफएसचं भाडं. त्यानंतर अजून काही कंटेनर आणले, त्यातून जी पद्धत बसली ती खाली लिहितोय. मी वकील नाही की कस्टम ब्रोकर नाही, वखारवाला आहे, त्या नजरेने वाचा.

१. आधी लाकूड बघा, कोड मागून येतो

सगळे नवीन लोक उलटं करतात, गुगलवर "टीक एचएस कोड" टाकतात आणि पहिला आकडा उचलतात. पण कस्टम टॅरिफच्या ४४ व्या, लाकडाच्या प्रकरणात तोच साग चार-पाच वेगवेगळ्या हेडिंगमध्ये (पहिल्या चार अंकांच्या गटात) जाऊ शकतो, कारण तिथे आधी विचारलंय लाकडावर काम किती झालंय आणि झाडाचं नाव नंतर. म्हणून ऑर्डर पक्की करायच्या आधी सप्लायरकडून एवढं मागवा:

- एका बंडलचा समोरून फोटो, एका तुकड्याचा जवळून, आणि टोकाचा (कापलेल्या बाजूचा) वेगळा
- जाडी, रुंदी, लांबी मिलिमीटरमध्ये, "अंदाजे" हा शब्द न वापरता
- कशाने कापलं: कुऱ्हाड, बँडसॉ, गोल करवत
- रंधा मारलाय का, कडेला खाच, जीभ, गोलाई असलं काही आहे का
- झाडाचं शास्त्रीय नाव, व्यापारी नाव नको

शेवटच्यावर सप्लायर कुरकुर करतात. करू दे. जो शास्त्रीय नाव लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडून माल घेऊ नका, हे मी सरळ सांगतो.

२. पहिले चार अंक: गोल, चौकोनी, चिरलेलं की घडवलेलं

इथेच सगळा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर.

४४०३ म्हणजे ओबडधोबड लाकूड. ओंडके, साल काढलेले किंवा न काढलेले, आणि ढोबळ चौकोनी केलेले. हा "ढोबळ चौकोनी" शब्द नीट समजून घ्या. गोल ओंडक्याच्या बाजू कुऱ्हाडीने, वाकसाने किंवा जाडसर करवतीने सपाट केल्या, साधारण चौकोन झाला, पण कोपऱ्यात कुठे साल राहिलीय, कुठे खडबडीत भाग आहे, असं ते लाकूड असतं. जागतिक कस्टम संघटनेच्या स्पष्टीकरणात सागाचा खास उल्लेख आहे, पाचर ठोकून फाडलेले किंवा रेषेच्या दिशेने तासलेले सागाचे लठ्ठे ४४०३ मध्येच धरायचे. म्हणजे सप्लायर अगदीच खोटं बोलत होता असं नाही, रफ स्क्वेअर नावाचा माल असतो, फक्त माझा तो नव्हता.

४४०७ म्हणजे लांबीच्या दिशेने चिरलेलं, कापलेलं किंवा सोललेलं लाकूड, ६ मिमीपेक्षा जाड. रंधलेलं असो, पॉलिशपेपर मारलेलं असो, टोकाला टोक जोडून फिंगर जॉइंट केलेलं असो, सगळं इथेच. भट्टीत वाळवलं म्हणून कोड बदलत नाही. फळीची एक कड वाकडी आहे, ओंडक्याचा आकार तसाच राहिलाय, तरी चालतं, चौकोनीच हवं अशी अट नाही. आपण ज्याला फळी, पाट्या, वासा, चिराईचा माल म्हणतो त्यातलं बहुतेक सगळं यात आलं.

४४०९ म्हणजे कडेला, टोकाला किंवा तोंडावर सलग आकार दिलेलं. जीभ आणि खाच असलेली फ्लोअरिंगची पट्टी, डेकिंगच्या फळीवर पाय घसरू नये म्हणून काढलेल्या चरी, मोल्डिंग, गोल केलेली कड. तुमचा सुतार याला "प्रोफाइल मारलंय" म्हणतो. रंधा मारताना कोपरा किंचित मऊ झाला तर तो ४४०७ च राहतो, पण मुद्दाम गोलाई दिली की ४४०९. इथे वाद होतात, म्हणून कडेचा फोटो जवळून घ्या आणि जमलं तर एक तुकडा कुरिअरने मागवा.

आणि ४४१८ म्हणजे बांधकामाचा तयार माल, दरवाजे, खिडक्या, चौकटी. चौकटीचा सेट सुटा करून पाठवला, मापात कापलेला, कोन मारलेला, तर "आम्ही तर लाकूडच आणलंय" हे चालत नाही.

अजून एक, फळ्या शेजारी शेजारी चिकटवून जे रुंद पॅनेल बनवतात (टेबलटॉपला घेतात लोक) ते ४४०७ मध्ये बसत नाही. ४४०७ मध्ये जोड चालतो तो टोकाचा. बाजूचा जोड आला की ब्रोकरशी बोला, तो वेगळाच विषय आहे.

गोल करवत आणि बँडसॉ फोटोत ओळखायची सोपी खूण, जी मला आता पाठ झालीय: बँडसॉच्या रेघा सरळ आणि समांतर, गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या, आणि कुऱ्हाडीचे घाव पसरट, वेडेवाकडे, प्रत्येक वेगळ्या खोलीचा.

३. ६ मिमीची रेघ

हे छोटं आहे पण लोक आपटतात. जाडी ६ मिमी किंवा कमी असेल तर ४४०८, व्हेनियरच्या घरात, मग ते करवतीने चिरलेलं असलं तरी. इंजिनिअर्ड फ्लोअरिंगला वर लावायला ४ मिमीच्या सागाच्या पट्ट्या येतात, "सॉन टीक" म्हणूनच विकतात, पण ४४०७ नाही. कॅलिपर घ्या. चांगला डिजिटल कॅलिपर हजारभरात येतो, वखारीत तसाही लागतोच.

४. झाडाचं खरं नाव शोधा

आधी एक गैरसमज: हार्डवूड म्हणजे कडक लाकूड नाही. शंकूवाली झाडं, पाइन, स्प्रूस, देवदार, ती सॉफ्टवूड. बाकी रुंद पानांची सगळी हार्डवूड. बाल्सा नखाने दाबला तरी खड्डा पडतो, तरी तो हार्डवूडच. टॅरिफमध्ये "हार्डवूड" असा शब्द शोधत बसू नका, तिथे शंकूधारी, ट्रॉपिकल आणि इतर असे तीन कप्पे आहेत.

आता व्यापारी नावं. लाकडाच्या धंद्यात प्रत्येक जण आपल्या लाकडाला दुसऱ्या महाग लाकडाचं नाव लावतो, आपल्याकडेही काही वेगळं नाही, गिऱ्हाइकाला "सागासारखंच आहे" म्हणून काय काय खपवलं जातं ते सगळ्यांना माहितीय. कस्टमला मात्र हे महागात पडतं. मी वहीत लिहून ठेवलेली यादी:

"आफ्रिकन महोगनी" म्हणजे खाया. ते स्विटेनिया, म्हणजे खरी महोगनी नाही, म्हणून महोगनीच्या ४४०७.२१ मध्ये जात नाही, इतर ट्रॉपिकल म्हणजे ४४०७.२९.

"आफ्रिकन टीक" बहुतेक वेळा इरोको असतो, ४४०७.२८. कधी कधी त्याच नावाने अफ्रोर्मोसियाही विकतात, म्हणजे एकाच नावाखाली दोन झाडं.

"ब्राझिलियन चेरी" म्हणजे जटोबा. चेरीचा ४४०७.९४ फक्त प्रुनसला.

"यलो पॉप्लर" किंवा ट्यूलिपवूड, अमेरिकेतून भरपूर येतं, पण ते लिरिओडेन्ड्रॉन. पॉप्लरचा ४४०७.९७ फक्त पॉप्युलसला, त्यामुळे हे ४४०७.९९. यात मी स्वतः फसणार होतो, ब्रोकरच्या ऑफिसातल्या एका मुलीने पकडलं.

"टास्मानियन ओक" हे निलगिरीच्या कुळातलं, ओक नाही. आणि आपला बांधावरचा सिल्व्हर ओकही ओक नाही. ओकचा ४४०७.९१ फक्त क्वेर्कसला.

शंका आली तर टोकाकडून बघा. ब्लेडने टोक साफ तासायचं, थोडं पाणी लावायचं आणि १० पट भिंगातून बघायचं. सागात वाढीच्या वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, हात लावला तर तेलकट, ताजा कापला की जुन्या चामड्यासारखा वास. ओकमध्ये मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रुंद रेघा साध्या डोळ्याला दिसतात. रेड ओकची छिद्रं इतकी मोकळी असतात की छोट्या तुकड्याचं एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे येतात, व्हाइट ओकमध्ये ती बुजलेली असतात. (हे आम्ही वखारीत करून बघितलं, सगळे हमाल गोळा झाले होते.) कोडसाठी दोन्ही ओक एकच, पण भाव वेगळा, म्हणून सांगितलं. खरोखर वाद असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था नमुना तपासून लेखी देते. कंटेनर यायच्या आधी पाठवा, आल्यावर रोजचं भाडं सुरू असतं.

५. सहा अंक, मग आठ

पहिले सहा अंक जगभर सारखे, ही हार्मोनाइज्ड सिस्टीम १९८८ पासून चालू आहे आणि साधारण पाच-सहा वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. शेवटचे दोन भारताचे. ४४०७ मध्ये हार्डवूडचे सहा अंकी कोड २०२२ च्या आवृत्तीप्रमाणे असे:

ट्रॉपिकल: ४४०७.२१ महोगनी (स्विटेनिया), २२ विरोला, इम्बुइया, बाल्सा, २३ साग, २५ लाल मेरांटीचे प्रकार, २६ पांढरा लाउआन, पांढरी आणि पिवळी मेरांटी वगैरे, २७ सापेली, २८ इरोको, २९ बाकी सगळे.

इतर: ४४०७.९१ ओक, ९२ बीच, ९३ मेपल, ९४ चेरी, ९५ ॲश, ९६ बर्च, ९७ पॉप्लर आणि ॲस्पेन, ९९ बाकीचे, म्हणजे अक्रोड वगैरे.

सापळा इथे आहे: सागाला स्वतःचा कोड १ जानेवारी २०२२ पासून मिळाला. त्याआधी तो इतर ट्रॉपिकलमध्ये होता, म्हणून कितीतरी सप्लायरांच्या इनव्हॉइसच्या साच्यात अजून जुना ४४०७.२९ छापलेला असतो. ओंडक्यांचंही तसंच, सागाचा ४४०३.४२ नवा. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, तेव्हा परत हेच बघावं लागेल.

नियमांचं म्हणाल तर सहा सामान्य नियम आहेत, त्यातले पहिला आणि सहावा एवढे आपल्याला रोज लागतात. पहिला सांगतो की हेडिंगचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा हेच कायदेशीर, प्रकरणाचं शीर्षक नाही. सहावा सांगतो की तसंच एक पायरी खाली सबहेडिंगला करा, म्हणजे आधी चार अंक पक्के करायचे आणि मगच सहा. कोणी थेट "४४०७.२३ टाक, साग आहे ना" म्हणालं तर त्याने पहिली पायरी उडवली.

एकाच कंटेनरमध्ये ओक आणि ॲश मिसळून येत असेल तर दोन वेगळ्या ओळी, वेगळं घनमाप, वेगळी किंमत. बंडलपण वेगळी बांधायला सांगा.

६. पैशाचं गणित

२०२३ ला मी भरले ते दर देतो, तुम्ही बिल ऑफ एन्ट्री (माल कस्टमला जाहीर करायचा कागद) भराल त्या दिवसाचा दर सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) साइटवर बघा, बजेटमध्ये बदलू शकतात. ४४०३ ला मूळ सीमाशुल्क ५ टक्के, ४४०७ ला १० टक्के. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्यासकट रकमेवर १८ टक्के आयजीएसटी.

समजा मालाची किंमत, भाडं आणि विमा धरून, २० लाख.

४४०७: शुल्क २,००,०००, अधिभार २०,०००, आयजीएसटी २२,२०,००० वर ३,९९,६००. एकूण ६,१९,६००.

४४०३: शुल्क १,००,०००, अधिभार १०,०००, आयजीएसटी २१,१०,००० वर ३,७९,८००. एकूण ४,८९,८००.

फरक १,२९,८००. त्यातले आयजीएसटीचे १९,८०० क्रेडिटमध्ये परत मिळतात, पण १,१०,००० खिशातूनच जातात. आता कळेल सप्लायर "रफ स्क्वेअर" इतक्या प्रेमाने का लिहितो, त्याला वाटतं गिऱ्हाइकाचं भलं करतोय. पण सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड आणि शुल्क आपणच ठरवून भरायचं, त्यामुळे कोड चुकला तर जबाबदारी आयातदाराची, घानातल्या माणसाची नाही. कमी भरलेलं शुल्क कस्टम दोन वर्षं मागे जाऊन मागू शकतं, आणि लपवलं असं दिसलं तर पाच वर्षं, वर व्याज, वर शुल्काइतकाच दंड.

सवलतीचं: आसियान करारातला देश असेल किंवा टांझानियासारखा अल्पविकसित देश असेल तर कमी शुल्काची शक्यता असते. तुमची ओळ त्या अधिसूचनेच्या यादीत आहे का ते बघा, आणि उगम प्रमाणपत्रावरचा कोड तुमच्या बिलाशी जुळला पाहिजे. २०२० च्या कॅरोटार नियमांनी (सवलतीसाठी मालाचा उगम सिद्ध करायचे नियम) नुसतं प्रमाणपत्र पुरेसं राहिलेलं नाही, लाकूड त्याच देशात वाढलंय याची माहिती तुमच्याकडे असायला हवी आणि पाच वर्षं जपायला हवी. माल एका देशाचा आणि प्रमाणपत्र शेजारच्या देशाचं असल्या भानगडीत पडू नका.

७. मापं: घनफूट, घनमीटर आणि हॉपस

आपण बोलतो घनफुटात, बिल भरायचं घनमीटरमध्ये. १ घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट. २५ मिमी जाड, १५० मिमी रुंद, २.४ मीटर लांब अशी फळी ०.००९ घनमीटर, हजार फळ्या म्हणजे ९ घनमीटर, म्हणजे साधारण ३१८ घनफूट. असा हिशोब पॅकिंग लिस्टच्या प्रत्येक ओळीचा स्वतः करा, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

ओंडके हॉपस मापात विकले जातात, घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग गुणिले लांबी. यात खरं घनमाप जवळजवळ २७ टक्के जास्त असतं. चिरलेल्या मालाच्या कागदावर हॉपस दिसलं तर लगेच विचारा, कारण एकतर माप चुकीचं आहे नाहीतर माल ओंडक्याचा आहे. अमेरिकन लोक बोर्ड फूट वापरतात, हजार बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर, आणि जाडी पाव इंचात लिहितात, ४/४ म्हणजे एक इंच, ८/४ म्हणजे दोन. ही जाडी रंधा मारायच्या आधीची असते, हातात येते ती कमी.

८. क्वारंटाइन आणि साइट्स, कोडइतकंच महत्त्वाचं

प्लांट क्वारंटाइनचा २००३ चा आदेश लाकडालाही लागतो. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालात कीड-रोग नाही असं सांगणारं) मूळ देशाचं, त्यावर शास्त्रीय नाव आणि उपचार लिहिलेला हवा: मिथाइल ब्रोमाइड ४८ ग्रॅम प्रति घनमीटर, २१ अंशाला २४ तास, किंवा हीट ट्रीटमेंट, म्हणजे गाभ्याचं तापमान ५६ अंश, ३० मिनिटं. युरोपात मिथाइल ब्रोमाइड २०१० पासून बंद आहे, म्हणून तिकडचा बीच-ओक हीट ट्रीटमेंटवर येतो. "केडी" (भट्टीत वाळवलेलं) शिक्का म्हणजे आपोआप हीट ट्रीटमेंट असं धरून चालू नका, प्रमाणपत्रावर तसं लिहून घ्या. बंडलमधल्या खालच्या पट्ट्या आणि पाचरींवरही शिक्का हवा.

साइट्स म्हणजे संकटातल्या प्रजातींचा करार. शिसवाचं जवळजवळ सगळं कुळ, डाल्बर्जिया, २०१७ पासून परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवान्यावरच व्यापार करता येतो त्या यादीत. मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून. इपे २५ नोव्हेंबर २०२४ पासून. यातलं काही आणत असाल तर निर्यातदार देशाचा साइट्स परवाना आधी, माल नंतर. लागवडीचा साग यात नाही. म्यानमारचा साग वेगळीच गोष्ट आहे, तिथून ओंडके १ एप्रिल २०१४ पासून बाहेर निघत नाहीत, आणि तिथल्या सरकारी टिंबर कंपनीवर अमेरिकेने २०२१ मध्ये निर्बंध घातले. डॉलरमध्ये पैसे पाठवताना बँक प्रश्न विचारणार, हे धरून चाला.

९. कागदांची फाइल

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट तुकड्यानुसार (नुसतं "२२ बंडल" नको), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), फायटो, फ्युमिगेशन किंवा हीट ट्रीटमेंटचं प्रमाणपत्र, उगम प्रमाणपत्र, लागत असेल तर साइट्स, विमा, खरेदीचा करार. तुमच्या बाजूचे आयईसी (आयात-निर्यातदाराचा नोंदणी कोड), जीएसटी, बंदरावर नोंदवलेला एडी कोड (तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा कोड), ब्रोकरचं केवायसी. एडी कोड लोक विसरतात आणि ऐनवेळी बँकेत पळतात.

या सगळ्यांवर झाडाचं नाव एकाच स्पेलिंगने आणि वर्णन एकाच शब्दांत असू द्या. एका कागदावर "टीक लॉग्ज", दुसऱ्यावर "सॉन टीक", तिसऱ्यावर "स्क्वेअर" असं झालं की कस्टमची क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, आलीच म्हणून समजा.

१०. बिल ऑफ एन्ट्री भरताना

जहाज पोचतं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरलेलं हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००. कोडचा वाद हा घरी बसून आधी मिटवायचा विषय आहे तो यामुळेच.

२०२० पासून असेसमेंट फेसलेस आहे. तुमचा माल न्हावाशेवाला आणि तो बघणारा अधिकारी कदाचित चेन्नईला. तो लाकूड बघत नाही, तुमच्या चार ओळी बघतो. म्हणून वर्णनात सगळं ओता. मी आता असं लिहायला सांगतो: "चिरलेला साग, टेक्टोना ग्रँडिस, लागवडीचा, बँडसॉने चारही बाजू कापलेला, न रंधलेला, कडेला आकार नाही, जाडी ५० मिमी, रुंदी १०० ते २०० मिमी, लांबी १.८ ते २.४ मीटर, हवेत वाळवलेला." हे इंग्रजीत अर्थात. ब्रोकर म्हणेल एवढं कशाला, नुसतं "टीक वूड सॉन" पुरे. ऐकू नका, पैसे तुमचे जाणार आहेत.

११. क्वेरी आलीच तर

आधी शांतपणे फोटो, मापं आणि सप्लायरचं पत्र चढवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं. नमुना तपासणीला गेला तर प्रोव्हिजनल असेसमेंट (तात्पुरती शुल्क आकारणी) मागा, बाँड (हमीपत्र) देऊन माल सोडवता येतो आणि भाडं थांबतं. मी पहिल्या वेळी हे मागितलंच नाही, मला माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही, अकरा दिवस कंटेनर तसाच उभा. आपली चूक आहे हे कळलं तर स्वतःहून भरून टाका, नोटिशीची वाट बघू नका.

नेहमी एकाच प्रकारचा माल आणणार असाल आणि कोड खरंच दोन्हीकडे झुकत असेल, जसं की कड गोल केलेली डेकिंग, तर मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (माल आणायच्या आधीच कोडवर निर्णय देणाऱ्या) अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णय तीन वर्षं चालतो आणि तुमच्या बाबतीत कस्टमवर बंधनकारक असतो. एका कंटेनरसाठी परवडत नाही, दहासाठी परवडतं.

माल वखारीत उतरला की प्रत्येक बंडलातून वीतभर लांबीचा एक तुकडा काढा, त्यावर मार्करने बिल नंबर, तारीख आणि कोड लिहा आणि फाइलसोबत ठेवा, पाच वर्षं. आमच्याकडे ते तुकडे गल्ल्यामागच्या फळीवर रांगेत आहेत, नवा कंटेनर ठरवताना सप्लायरचा फोटो आला की मिस्त्री त्यातला एक उचलतात आणि मोबाइलच्या शेजारी धरून बघतात.